सरुबाई लीगचं नामांतर

"शब्द देऊन आलोय," मोहनराव खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, आणि मानसिंग सरांचा चहाचा कप तोंडापाशी जाता जाता थांबला. मोहनराव कुणाला तरी शब्द देऊन आले की तो पाळायचं काम आपल्याकडे येतं, हे सरांना अनुभवाने ठाऊक होतं.

मोहनराव हे सरुबाई फुटबॉल लीगचे अध्यक्ष आणि मानसिंग सर सचिव. अध्यक्षांचं काम माईक हातात धरून बोलणं. सचिवांचं काम उरलेलं सगळं. म्हणजे मैदानावर चुन्याची फक्की मारून रेघा आखणं, पंच आणणं, पंचाला जेवायला घालणं, पंचाने गोल नाकारला की त्याला मोटारसायकलवर बसवून भवानीनगरच्या स्टँडपर्यंत सुखरूप पोचवणं. शिवाय सर हायस्कुलात खेळाचे शिक्षक होते. तिथेही उरलेलं सगळं त्यांच्याकडेच असायचं.

"कुणाला दिला शब्द?" सरांनी विचारलं.

"दुग्धझेप पशुखाद्य. पुण्याची कंपनी हाय. टायटल स्पॉन्सर म्हणून येत्यात. नवे चेंडू, खरं नेट, समद्या संघांना जर्शी. आता बोला."

गेल्या वर्षी कांद्याच्या जाळीच्या पिशव्या शिवून त्यांनी गोलाला नेट केलं होतं आणि लोणी भापकरच्या फॉरवर्डने मारलेला चेंडू ते फाडून थेट उसात गेला होता. गोल झाला की नाही यावर अजून वाद चालू होता. खरं नेट म्हटल्यावर सर खुर्चीत पुढे सरकले.

"आणि बदल्यात काय द्यायचं?"

"काय न्हाय हो. नुसतं नाव. सरुबाई फुटबॉल लीगच्या जागी दुग्धझेप प्रीमियर फुटबॉल लीग म्हणायचं. म्हणायला काय जातंय?"

सरांनी कप खाली ठेवला. "मोहनराव, मैदान कुणाचं हाय?"

"सरूकाकीचं."

"आणि काकीनं ते कशावर दिलंय?"

मोहनराव एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. कालव्याच्या कडेची ती दोन एकर. तिन्ही बाजूंना लोकांचा ऊस डोक्याच्या वर गेलेला, आणि मधोमध हा एवढा मोकळा तुकडा. ऊस न लावता जमीन रिकामी ठेवणारी बाई त्या पट्ट्यात दुसरी नव्हती. तिच्या पोरांनी दरवर्षी ऊस लावू म्हणून तिच्यामागे भुणभुण लावायची आणि तिने दरवर्षी पदर खोचून त्यांना वाटेला लावायचं. तिची अट एकच होती, लीगला तिचं नाव.

"मग काकीला कोण सांगणार?" सरांनी विचारलं.

"तुमीच सांगा. तुमी मास्तर हाय, तुमाला समजावून सांगायची सवय हाय," मोहनराव म्हणाले आणि आपल्या कपातला चहा संपवून उठले.

दोनच दिवसांनी कंपनीचा दिग्विजय नावाचा ब्रँड मॅनेजर लॅपटॉप घेऊन शाळेच्या प्रयोगशाळेत हजर झाला. सोबत सगळ्या संघांचे कप्तान होते. दिग्विजयचं वय बेताचं, दाढी कोरलेली, आणि त्याला लीगबद्दल फार वाईट वाटत होतं.

"सर, तुमच्या लीगला आयडेंटिटीच नाही," तो म्हणाला. "लोकांनी नाव ऐकलं की एक फील आला पाहिजे. सरुबाई म्हटल्यावर काय फील येतो?"

"भीती वाटती," भवानीनगरचा कप्तान प्रामाणिकपणे म्हणाला. त्याने लहानपणी काकीच्या बांधावरचे पेरू काढले होते.

दिग्विजयने ते मनावर घेतलं नाही. नुसतं लीगचं नाव बदलून भागणार नव्हतं, संघांचीही नावं बदलायची होती. प्रत्येक संघाला कंपनीच्या एकेका मालाचं नाव मिळणार होतं, आणि भांडणं नकोत म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या होत्या. सरांनी विरोध करायला तोंड उघडलं, तेवढ्यात दिग्विजयने पिशवीतून नमुन्याचं नेट काढून टेबलावर पसरलं. पांढरंशुभ्र नेट. सरांनी तोंड मिटलं.

लोणी भापकरला 'हाय फॅट गोल्ड' आलं. गोल्ड शब्दावर ते खूश झाले. सुप्याच्या संघाला 'वासरू स्टार्टर' आलं, त्यांनी थोडी कुरकुर केली. सणसरचा कप्तान लखन याने आपली चिठ्ठी उघडली, वाचली, पुन्हा घडी घातली आणि सरांच्या हातात दिली. तिच्यावर 'गाभण स्पेशल' लिहिलं होतं.

"सर," लखन हळू आवाजात म्हणाला, "माझं लग्न ठरायचंय अजून."

"ते आमचं बेस्ट सेलर आहे, ॲक्च्युअली," दिग्विजय म्हणाला.

"व्हय, पर पाठीवर लिहून पळायचं मला हाय."

सरांनी लखनला बाहेर नेऊन समजावलं. सगळ्यांना समजावून झालं. आता उरल्या काकी. सर आठवडाभर रोज शाळा सुटल्यावर त्यांच्या वस्तीकडे निघायचे आणि वाटेत काहीतरी काम आठवून मागे फिरायचे. शेवटी एका संध्याकाळी मन घट्ट करून गेले, तर सरूकाकी म्हशीची धार काढत होत्या.

"बरं झालं आलास," काकी मागे न बघता म्हणाल्या. "मीच बोलावणार हुते तुला. अवंदाच्या फ्लेक्सवर तो जुना फोटो नको. त्यात मी आजारी दिसतीया. नातीकडनं नवा काढून घेतलाय, हात जोडून. ती पाठवील तुझ्या मोबाईलवर."

"काकी, मी काय म्हणत हुतो—"

"बस आधी. मानसिंग, तुला ठावं न्हाय, पर मला लई बरं वाटतंय त्या फ्लेक्सचं. सातबाऱ्यावर आमच्या मालकाचं नाव. घराच्या पाटीवर मालकाचं. ट्रॅक्टरवर नातवाचं. जल्मभर ह्या मातीत राबले, पर माझं नाव कुठंच न्हाय बघ. एका लीगला काय ते हाय." त्यांनी चरवी बाजूला ठेवली आणि पदराला हात पुसले. "तू काय म्हणत हुतास?"

"फोटो पाठवा म्हणत हुतो," सर म्हणाले.

घरी येईपर्यंत ते स्वतःवर इतके चिडले होते की मोटारसायकलचं स्टँड लावायचं विसरले आणि गाडी तुळशीच्या कुंडीवर आडवी झाली. काकींना दुखवायचं त्यांच्या जिवावर येत होतं. काकी दुखावल्या तर मैदान जाणार, कंपनी दुखावली तर नेट जाणार. एकाचंही तोंड वाकडं होऊ द्यायचं नाही, असं काहीतरी त्यांना शोधायचं होतं, आणि रात्री भाकरी मोडता मोडता त्यांना ते सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

मैदानाला दोन तोंडं होती. एक रस्त्याकडे, दुसरं काकींच्या वस्तीकडे. काकींचे गुडघे धरलेले. त्या वस्तीकडच्या बाजूने येऊन, बाभळीखालच्या खुर्चीत बसून, तिथूनच परत जायच्या. रस्त्याकडे त्यांचं कधी काम नसायचं. मग फ्लेक्स दोन करायचे. रस्त्याच्या बाजूला कंपनीचं नाव आणि कंपनीने दिलेल्या मुऱ्हा म्हशीचा फोटो, वस्तीच्या बाजूला जुनं नाव आणि काकींचा फोटो. सचिव म्हणून आपण केलेली ही पहिलीच हुशारीची गोष्ट, असं सरांना वाटलं.

फ्लेक्सवाला सुयोग हा सरांचाच विद्यार्थी. भवानीनगरात त्याचं दुकान होतं आणि पंचक्रोशीतले वाढदिवस, बारसं, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं त्याच्याच यंत्रातून निघायचं. काम फार म्हणून त्याने पद्धत ठरवून टाकली होती. गिऱ्हाइकाने मोबाईलवर मजकूर पाठवायचा, फोटो पाठवायचा, पुढचं तो बघणार. सरांनी आधी कंपनीचा मजकूर पाठवला, मग वस्तीकडचा. त्यानंतर काकींच्या नातीने पाठवलेला फोटो पुढे ढकलला. म्हशीचा फोटो दिग्विजय आपण होऊन पाठवणार होता, त्याप्रमाणे तोही पोचला.

उद्घाटनाच्या दिवशी सर सकाळी मैदानावर गेले, तर सुयोगची माणसं फ्लेक्स बांधून निघून गेलेली होती. रस्त्याकडच्या फ्लेक्सपाशी पाच-सहा माणसं मोबाईलवर फोटो काढत उभी होती. सरांना बरं वाटलं. जवळ गेल्यावर ते वाटणं गेलं.

वर 'दुग्धझेप प्रीमियर फुटबॉल लीग' होतं, ठळक आणि बिनचूक. खाली सरूकाकी होत्या. डोक्यावर पदर, हात जोडलेले, चेहरा प्रसन्न. आणि त्यांच्या शेजारी मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'हिच्यावर विश्वास ठेवा. दूध वाढणार, फॅट वाढणार, दुसऱ्या वेतालाही कमी पडणार नाही.'

सर पळत मैदान ओलांडून दुसऱ्या टोकाला गेले. तिथे मुऱ्हा म्हैस होती. काळीभोर, शिंगं वळलेली, थेट काकींच्या घराकडे बघत असलेली. खाली लिहिलं होतं: 'स्पर्धेच्या आधारस्तंभ, आदरणीय श्रीमती सरुबाई. सर्व खेळाडूंना मनःपूर्वक शुभेच्छा.'

सरांनी सुयोगला फोन लावला. "अरे, डोळे हायत का काय तुला?"

"काय झालं सर?"

"म्हशीच्या खाली काकीचं नाव टाकलंयस."

पलीकडे यंत्राचा आवाज येत होता. "पयल्या मजकुराला पयला फोटो, दुसऱ्याला दुसरा. आपली रीतच हाय ती सर. पयला फोटो काकीचा आला. मी वाचत बसलो तर सांच्यापर्यंत चार फ्लेक्स व्हायचं न्हाईत."

"शिकवलं हुतं का न्हाय तुला शाळेत?"

"तुमी पीटी शिकवत हुता, सर."

सरांनी आजूबाजूला बघितलं. पंच बसायला आणलेली एक ताडपत्री पडली होती, ती त्यांनी म्हशीवर टाकली. म्हशीचं तोंड झाकलं तर नाव उघडं पडायचं, नाव झाकलं तर तोंड. वाऱ्याने ताडपत्री उडाली. ती धरायला सर वळले, तर समोरून सरूकाकी येत होत्या, नवी नऊवारी नेसून, मागे नात खुर्ची घेऊन.

काकी फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या. सर ताडपत्रीची दोन टोकं धरून उभे राहिले.

"म्हस चांगली हाय," काकी शेवटी म्हणाल्या. "कुणाची?"

"कंपनीची हाय, काकी."

"माझ्या नावावर कशी?"

सरांनी सांगायला सुरुवात केली आणि एकदा सुरुवात झाल्यावर सगळंच बाहेर आलं. शब्द, नेट, दोन फ्लेक्स, सुयोग. काकींनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्या गुडघ्याला हात लावून चालत निघाल्या, ज्या बाजूला त्या कधीच जात नसत त्या बाजूला, आणि रस्त्याकडच्या फ्लेक्ससमोर जाऊन थांबल्या. त्यांनी शांतपणे स्वतःकडे बघितलं. मग मजकूर वाचला. वाचायला त्या नातवंडांच्या अभ्यासाबरोबर शिकल्या होत्या, आणि या घडीला ते सरांना फार जड गेलं.

"दुसऱ्या वेतालाबी कमी पडनार न्हाय," त्यांनी सावकाश वाचलं. "मानसिंग, तू मला सांगितलं असतंस तर मी रागावले असते. चार दिस बोलले नसते. इतकंच झालं असतं. उद्या ट्रॅक्टर सांगते. उसाला सरी सोडून घेते."

त्या गेल्या. त्यांच्या मागे दिग्विजयची गाडी येऊन थांबली आणि फ्लेक्स बघून दिग्विजय गाडीतच बसून राहिला. खाली उतरला तेव्हा त्याचा आवाज चिरकत होता. "सर, ब्रँडच्या जागी आजी? माझं हेड ऑफिसला काय होणार, कल्पना आहे तुम्हाला? आम्ही विथड्रॉ करतोय. नेट परत द्या."

"लावलंय ते."

"मग सोडा."

इकडे मोहनरावांनी माईक हातात घेतला होता आणि त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "दुग्धझेप प्रीमियर फुटबॉल लीगमध्ये आपलं सहर्ष स्वागत," त्यांचा आवाज कालव्यापलीकडे जात होता. "पहिला सामना, वासरू स्टार्टर विरुद्ध गाभण स्पेशल. गाभण स्पेशलचा लखन, बघा, कसा पळतोय." उसाच्या बांधावर बसलेली माणसं हसून हसून खाली सरकत होती. लखन डोळ्यांत पाणी आणून खेळला आणि रागाच्या भरात त्याने तीन गोल केले. सरांनी ते पाहिले नाहीत. ते गोलाच्या मागे उभं राहून नेटच्या गाठी सोडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच ट्रॅक्टर आला. सर आधीच मैदानाच्या मधोमध जाऊन बसले होते. शाळेत त्यांनी रजा टाकली होती. बसून काय साधणार हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं, पण उभं राहून फक्की मारलेल्या रेघा बघणं त्यांना होत नव्हतं. ट्रॅक्टरवाला चावी फिरवून बंद करून बसला. काकी बाभळीखालून बघत होत्या.

"ऊठ तितनं," त्या म्हणाल्या.

"न्हाय उठत. माझं चुकलं, काकी. नाव घालवलं मी तुमचं. माझ्यावर काय राग काढायचा तो काढा, जमिनीवर काढू नगा."

काकी काही बोलणार, तेवढ्यात रस्त्याकडून दिग्विजय धावत येताना दिसला. त्याच्या एका हातात शाल-नारळ होता आणि दुसऱ्या हातात फोन, आणि फोन सारखा वाजत होता.

"आजी कुठे आहेत?" तो धापा टाकत म्हणाला. "सर, कालपासून डीलर लोकांचे फोन थांबत नाहीत. बारामती, इंदापूर, पार सुप्यापर्यंत. तो फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरलाय. लोक दुकानात येऊन 'त्या हात जोडलेल्या बाईची पेंड द्या' म्हणतायत. आमच्या म्हशीवर आम्ही वर्षभर एवढा खर्च केला, एकाने विचारलं नाही."

"म्हशीवर कोण इश्वास ठेवंल?" ट्रॅक्टरवाला म्हणाला. "बाई हात जोडून सांगतीया म्हटल्यावर खरंच असणार की."

दिग्विजयने काकींना वाकून नमस्कार केला, शाल दिली आणि त्यांचा फोटो पोत्यावर छापायची परवानगी मागितली. काकींनी शालीचा पोत बोटांनी तपासला.

"लोकांस्नी मी सांगितलंय व्हय, दूध वाढनार म्हणून?"

"म्हणजे, तसं छापलंय, आजी."

"मग खरं हाय का खोटं ते मला नगो कळायला? आधी चार पोती हितं टाक. माझी म्हस खाईल. दूध वाढलं तर पोत्यावर बसते. न्हाय वाढलं, तर तुझ्याच माईकवरनं गावाला सांगते."

"आणि तवर मी काय करू?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं.

काकींनी मधोमध मांडी घालून बसलेल्या सरांकडे बघितलं. "आलाच हायस तर फळी मार. लई खड्डे पडल्यात. त्याला उठीव आधी."

म्हशीने पेंड खाल्ली. दूध किती वाढलं हे काकींनी कुणाला सांगितलं नाही, पण एका सकाळी त्यांनी दिग्विजयला फोन करून "बसते" एवढंच सांगितलं. लीग चालू राहिली, नेटच्या गाठी पुन्हा बांधल्या गेल्या. लखनचंही जमलं. मुलीच्या वडिलांचा गोठा मोठा होता आणि जावयाच्या पाठीवरचं नाव त्यांना घरातलं वाटलं.

अंतिम सामन्याच्या दिवशी दिग्विजयने मैदानात मांडव घातला. मधोमध पडद्याने झाकलेला मोठा फलक होता. पुण्याहून साहेब मंडळी आली होती. दिग्विजयने माईक घेऊन सांगितलं, की कंपनीने आपल्या पशुखाद्याचं नाव बदलायचं ठरवलं आहे, त्यासाठी पुण्याच्या एका एजन्सीने गावोगाव फिरून अभ्यास केला, पुष्कळ नावं तपासली आणि शेवटी एक निवडलं. आजपासून पशुखाद्याचं नाव 'सरुबाई'. टाळ्या झाल्या. आणि अर्थातच, तो पुढे म्हणाला, टायटल स्पॉन्सरच्या नावाप्रमाणे लीगचंही आज नामांतर होत आहे.

दोरी ओढली. पडदा पडला. फलकावर लिहिलं होतं: 'सरुबाई फुटबॉल लीग'.

सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. अक्षरं तीच होती, रंग तोच होता, कडेची फुलांची वेलबुट्टीसुद्धा गेल्या वर्षीचीच होती. सुयोग मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. सरांची नजर गेली तसा तो म्हणाला, "जुनी फाईल हुती माझ्याकडं. कशाला नवं बनवत बसा."

साहेब लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मोहनराव सगळ्यांत जोरात वाजवत होते. पहिल्या रांगेत शाल पांघरून बसलेल्या काकींनी सरांना जवळ बोलावलं.

"हेच नाव हुतं न्हवं का आपलं?"

"व्हय, काकी."

"मग येवढी वर्षं कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत त्या?"

तेवढ्यात दिग्विजयने सरांचं नाव पुकारलं. नव्या नावाबद्दल सचिवांनी दोन शब्द बोलावेत, अशी त्याची विनंती होती. सर माईकपाशी गेले. समोर साहेब मंडळी, मागे पांढरंशुभ्र नेट, फळी मारलेलं मैदान, आणि जवळच काकी, पदर तोंडाशी धरून. सरांनी घसा साफ केला.

"नाव चांगलं आहे," ते म्हणाले. "पण नवीन आहे. आमच्या लोकांच्या तोंडात बसायला जरा वेळ लागेल."

काकींचे खांदे पदराआड हलायला लागले. दिग्विजयने मान डोलावून ते शब्द मोबाईलमध्ये टिपून घेतले.